गाठीची लांबी आणि गाठीचा जीव

पत्राचा गोषवारा: नाशिकमध्ये इंदिरानगर परिसरात राहणाऱ्या एका ताईंचे वडील निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतात. त्यांचे वय 66 आहे. जुन्या हिपॅटायटिस बीमुळे त्यांना सिऱ्हॉसिस, म्हणजे यकृत घट्ट आणि खडबडीत होण्याचा आजार, झाला आणि काही महिन्यांपूर्वी यकृताच्या उजव्या भागात 4.0 सेंटिमीटरची कर्करोगाची गाठ सापडली. शस्त्रक्रिया झेपणार नाही म्हणून मांडीच्या धमनीतून नळी घालून गाठीत औषध सोडण्याचा आणि तिचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपचार, म्हणजे ‘टेस’, करण्यात आला. अठराव्या दिवशी पोटात दुखू लागल्याने घराजवळच्या केंद्रात साधी सोनोग्राफी केली, तर अहवालात गाठ 4.4 सेंटिमीटर आली. धाकटे भाऊ म्हणतात, उपचार वाया गेला, आप्पांना ताबडतोब मुंबईला हलवू. थोरले भाऊ पेट स्कॅनचा आग्रह धरतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन 1.9 असल्याचे कारण देऊन सहा आठवडे झाल्यावर कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी करण्यास सांगितले आहे. “एवढ्या मोठ्या आजाराला सोनोग्राफीच? आमची बोळवण तर चालली नाही ना?” असे ताई विचारतात. आप्पांना आतापर्यंत ‘लिव्हरला सूज आहे’ एवढेच सांगितलेले आहे.

प्रिय ताई,

तुमचे पत्र दोनदा वाचले. 4.0 आणि 4.4 हे दोन आकडे तुम्ही पत्रात पाच ठिकाणी लिहिले आहेत आणि एका ठिकाणी त्यांच्याखाली रेघही ओढली आहे, यावरून गेले काही दिवस तुमच्या घरात दुसऱ्या कशावर बोलणे झाले नसावे असे दिसते. म्हणून त्या आकड्यांपासूनच सुरुवात करतो. मी सोनोग्राफीच्या टेबलाशेजारी आयुष्याची बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे या विषयात मी तटस्थ आहे असा दावा करणार नाही. पण याच यंत्राने काय दिसत नाही हेही मला चांगले ठाऊक आहे आणि तेही सांगणार आहे.

तुम्ही बागायतदाराच्या कन्या आहात, तेव्हा एक गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळेल. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर एखादा ओलांडा, म्हणजे तारेवर पसरलेली वेलीची जाड फांदी, फुटत नाही, तेव्हा आप्पा काय करतात? तो किती जाड आहे हे मोजत बसत नाहीत. नखाने किंवा चाकूने साल जराशी खरवडतात आणि आत हिरवे आहे की तपकिरी हे पाहतात. वाळलेला ओलांडा जिवंत ओलांड्याइतकाच जाड असू शकतो, आणि मेल्यावरही तो तारेवर तसाच पडून राहतो. यकृतातल्या गाठीचे टेसनंतर नेमके हेच होते. तिचा रक्तपुरवठा तोडला की आतल्या पेशी मरतात, पण मेलेला भाग लगेच नाहीसा होत नाही. शरीर तो हळूहळू, कित्येक महिन्यांत शोषून घेते, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत आसपास सूज येऊन गाठ थोडी मोठीही दिसू शकते. साध्या सोनोग्राफीने तुम्हाला ओलांड्याची जाडी सांगितली. साल खरवडून अजून कोणी पाहिलेलेच नाही.

त्यातही चार मिलिमीटरच्या फरकाचे फार मनाला लावून घेऊ नका. दोन वेगळ्या यंत्रांवर, दोन वेगळ्या माणसांनी, श्वास वेगवेगळा धरलेला असताना आणि वेगळ्या कोनातून मोजलेल्या एकाच गाठीत एवढा फरक सहज पडतो. शिवाय टेसमध्ये वापरलेले तेलकट औषध गाठीत साचले की सोनोग्राफीवर तिच्या कडा पूर्वीसारख्या स्वच्छ दिसत नाहीत, आणि मोजणाऱ्याने रेघ कोठून कोठे ओढायची हाच प्रश्न होऊन बसतो. अहवाल देणाऱ्या केंद्राची यात चूक आहे असे मला म्हणायचे नाही. पोटात दुखते म्हणून तुम्ही गेलात, त्यांनी दिसले ते मोजून लिहिले. उपचाराला यश आले का, हा प्रश्न तुम्ही त्यांना विचारला नव्हता आणि त्यांच्यापाशी त्याचे उत्तर देण्याचे साधनही नव्हते.

गाठ लहान झाली म्हणजे उपचार लागू पडला आणि झाली नाही म्हणजे वाया गेला, ही समजूत केवळ तुमच्या भावाची नाही. कर्करोगतज्ज्ञांनीही ती बराच काळ बाळगली होती. उपचाराचा परिणाम जगभर एकाच मापाने मोजता यावा म्हणून 2000 साली ‘रेसिस्ट’ नावाचे निकष ठरले आणि त्यांचा पाया गाठीची लांबी हाच होता. यकृताच्या कर्करोगात मात्र ही फूटपट्टी फसवी ठरू लागली. त्याच वर्षी बार्सिलोना येथे झालेल्या युरोपीय यकृततज्ज्ञांच्या परिषदेत असे मत मांडले गेले की संपूर्ण गाठ न मोजता तिचा जिवंत उरलेला भाग मोजावा. पुढे 2008 मध्ये सोराफेनिब या गोळ्यांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा तर विसंगती उघड दिसली: गोळ्या घेणाऱ्यांपैकी जेमतेम 2 टक्के रुग्णांच्या गाठी जुन्या निकषांनुसार लहान झाल्या होत्या, तरीही गोळ्या घेणारा गट न घेणाऱ्या गटापेक्षा अधिक काळ जगला. आज यकृतासाठी ‘सुधारित रेसिस्ट’ हे निकष वापरले जातात. त्यांत धमनीचे रक्त घेणारा भाग तेवढा जिवंत धरतात. असा भाग अजिबात उरला नाही तर पूर्ण प्रतिसाद, तो किमान 30 टक्क्यांनी कमी झाला तर आंशिक प्रतिसाद, आणि 20 टक्के किंवा त्याहून अधिक वाढला तर आजार वाढला असे म्हणतात.

हे आप्पांना लावून पाहा. समजा, गाठ आजही 4.4 सेंटिमीटर आहे, पण तिच्या एका कडेला 1.2 सेंटिमीटरचाच भाग रक्त घेतो आहे. पूर्वी सारी 4.0 सेंटिमीटर गाठ जिवंत होती असे धरले तर जिवंत भाग 70 टक्क्यांनी घटला. कागदावर वाढलेली गाठ प्रत्यक्षात चांगला प्रतिसाद देत असेल, आणि उरलेल्या त्या तुकड्यासाठी पुन्हा एकदा टेस किंवा सुई घालून तो जाळण्याचा उपचार करता येईल. उलटही होऊ शकते, हे लपवणार नाही: गाठ 3.5 सेंटिमीटरवर आली आणि सगळी जिवंत आहे, तर घरात पेढे वाटण्याचे कारण नाही.

आता साल खरवडायची कशी, हा प्रश्न उरतो. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून मिळते आणि उरलेले धमनीतून. ही कर्करोगाची गाठ मात्र जवळजवळ सगळे रक्त धमनीतूनच ओढते. टेसचा उपचार याच फरकावर उभा आहे आणि त्याची तपासणीही. कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीत हाताच्या शिरेतून साधारण दोन-अडीच मिलिलिटर औषध देतात. त्यात वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे असतात. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औषधात सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू असतो आणि बुडबुड्याचा सरासरी व्यास अडीच मायक्रॉन असतो, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशीच्या निम्म्याहून कमी. हे बुडबुडे रक्तवाहिनीच्या बाहेर पडत नाहीत, ध्वनिलहरी लागल्या की थरथरतात आणि पडद्यावर चमकतात. औषध दिल्यापासून 10 ते 20 सेकंदांत ते यकृताच्या धमनीत पोचतात. पुढची वीस-पंचवीस सेकंदे सर्वांत महत्त्वाची असतात, कारण या वेळी गाठीतला जो भाग उजळतो तो जिवंत, आणि जो काळाच राहतो त्यात रक्त जात नाही. त्यानंतर पोर्टल व्हेनचे रक्त येऊन सारे यकृत उजळते, आणि जिवंत कर्करोगाचा भाग बऱ्याचदा एक मिनिटानंतर हळूहळू फिका पडू लागतो. पाच-सहा मिनिटांत बुडबुडे विरतात आणि वायू श्वासावाटे बाहेर पडतो.

तुमच्या डॉक्टरांनी क्रिएटिनिनचा उल्लेख का केला, ते यातून उलगडेल. सीटी स्कॅनमध्ये देतात ते आयोडिनयुक्त औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून क्रिएटिनिन वाढलेले असले की डॉक्टर हात आखडता घेतात. बुडबुड्यांचा मूत्रपिंडाशी संबंधच येत नाही. दुसरे कारण त्यांनी कदाचित सांगितले नसेल. टेसमध्ये बहुतेकदा लिपिओडॉल वापरतात. हे खसखशीच्या तेलात आयोडिन बांधून केलेले औषध आहे. ते गाठीत साचून राहते आणि सीटीवर इतके पांढरे शुभ्र दिसते, की त्याच्या शेजारी धमनीच्या रक्ताने उजळलेला बारीकसा जिवंत तुकडा असला तरी तो त्या पांढऱ्यात हरवू शकतो. बुडबुड्यांच्या तपासणीत ही अडचण येत नाही. त्यामुळे ‘सीटी मोठी, सोनोग्राफी छोटी’ ही उतरंड इथे लागू पडत नाही. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटले की बाळंतपण आणि 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचा दारावरचा फलक एवढेच डोळ्यांसमोर येते, आणि यंत्राची प्रतिष्ठा त्याच्या किमतीवरून व खोलीच्या थंडाव्यावरून ठरते. तुमच्या भावाला दोष देत नाही, पण तपासणीची निवड अशी होत नसते.

तरीही ‘बोळवण’ या तुमच्या शब्दात एक रास्त शंका आहे आणि तिला सरळ उत्तर दिले पाहिजे. कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीच्या मर्यादा खऱ्या आहेत. एका वेळच्या औषधात धमनीची ती मोलाची वीस-पंचवीस सेकंदे एकाच गाठीवर डोळा ठेवून पाहता येतात. त्याच वेळी यकृताच्या दुसऱ्या टोकाला नवी गाठ उगवली असेल तर ती निसटेल. गाठ यकृताच्या अगदी वरच्या भागात, छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली असेल, फार खोल असेल, किंवा मध्ये आतड्यातला वायू आला, तर चित्रच नीट मिळत नाही. फुप्फुसे आणि हाडे या तपासणीत दिसत नाहीत. आणि हात सराईत नसेल तर हेच यंत्र निकामी ठरते. म्हणून माझे मत असे आहे: ‘उपचार केलेल्या या गाठीत जीव उरला आहे का?’ या प्रश्नाला कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी उत्तम आहे, पण ‘संपूर्ण यकृतात आणखी काही आहे का?’ या प्रश्नासाठी कधी तरी एमआरआय किंवा सीटी लागेलच. डॉक्टरांना हा दुसरा प्रश्न अवश्य विचारा. क्रिएटिनिन 1.9 असले म्हणून एमआरआयचा मार्ग आपोआप बंद होत नाही; मूत्रपिंडाचे काम नेमके किती उरले आहे यावर आणि कोणते औषध वापरायचे यावर ते ठरते. श्वास रोखून धरणे आप्पांना कितपत जमते, हेही त्यात पाहावे लागते.

पेट स्कॅनबद्दल थोडक्यात. नेहमीचा पेट स्कॅन पेशी साखर किती ओढतात यावर चालतो, आणि यकृताच्या या कर्करोगाच्या अनेक गाठी, विशेषतः सौम्य स्वरूपाच्या, आजूबाजूच्या यकृताहून फारशी वेगळी साखर ओढत नाहीत. त्यामुळे जिवंत गाठसुद्धा त्यात शांत दिसू शकते. आजार यकृताबाहेर गेल्याची शंका असेल तेव्हा त्याचा उपयोग होतो. तुमच्या आजच्या प्रश्नासाठी तो खर्च मी करणार नाही.

मुंबईला जाण्याला माझा विरोध नाही. परळच्या टाटा रुग्णालयाचे मत घेणे कोणत्याही कुटुंबाला साजेसेच आहे. परंतु पोट दुखत असलेल्या, टेसमधून नुकत्याच उठलेल्या माणसाला पहाटे उठवून पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसवायचे, दिवसभर रांगेत ठेवायचे आणि तिथेही ‘सहा आठवडे होऊ द्या, मग तपासू’ हेच ऐकून परतायचे, यातून काय मिळणार? टेसनंतरचा प्रतिसाद साधारणतः चार ते सहा आठवड्यांनी पाहण्याचा प्रघात आहे. आधी तपासणी होऊ द्या, मग तिची चित्रे, टेसच्या वेळची चित्रे आणि त्यापूर्वीचे स्कॅन असे सगळे एकत्र घेऊन भावांपैकी एकाने जावे. अहवालाच्या छापील पानावर दुसरे मत देता येत नाही. चित्रे सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या, आणि बुडबुड्यांच्या तपासणीची तर चालती चित्रफीतच मागा.

पोटदुखीबाबत मात्र सहा आठवडे थांबू नका. टेसनंतर पहिल्या आठवड्यात दुखणे, ताप, मळमळ हे नेहमीचे असते, पण अठराव्या दिवशी नव्याने दुखू लागले असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर ते आजच गेले पाहिजे. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणे, पोट फुगणे, शौचाला काळे होणे, बोलण्यात गोंधळ, यांपैकी काहीही दिसले तर सरळ रुग्णालय गाठा.

तपासणीची वेळ ठरवताना काही गोष्टी आधीच विचारून घ्या. ही सोय प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात नसते. यंत्रात कॉन्ट्रास्टची व्यवस्था लागते आणि ती तपासणी नित्य करणारा हात लागतो, तेव्हा केंद्र शहरातले असो की बाहेरचे, ‘यकृताच्या उपचारानंतरच्या अशा तपासण्या तुम्ही किती वेळा करता?’ हे विचारण्यात संकोच बाळगू नका. खर्च विमा किंवा शासकीय योजनेत बसतो का, हेही त्याच वेळी विचारा. आप्पांना हृदयाचा अलीकडचा त्रास, फुप्फुसातला रक्तदाब फार वाढलेला असणे किंवा पूर्वी अशा औषधाची ॲलर्जी असे काही असेल तर ते आधी सांगा; गंभीर प्रतिक्रिया क्वचितच येते, पण म्हणूनच तपासणीनंतर थोडा वेळ तिथेच थांबवून घेतात. काही तास उपाशीपोटी बोलावतील. अहवालात गाठीची एकूण लांबी, धमनीच्या टप्प्यात उजळणाऱ्या भागाची लांबी आणि तो भाग नेमका कोणत्या बाजूला आहे, या तीन गोष्टी स्वतंत्रपणे लिहून द्या अशी विनंती करा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच ठिकाणी आणि त्याच पद्धतीने तपासा, म्हणजे तुलना सारख्याशी सारख्याची होईल. टेसच्या आधी रक्तातील एएफपी, म्हणजे यकृताच्या या कर्करोगात अनेकदा वाढणारे प्रथिन, वाढलेले होते का, ते फाइलमध्ये पाहा. वाढलेले असेल तर आताचा आकडा शेजारी ठेवण्याजोगा आहे. पहिल्यापासून सामान्यच असेल तर त्याच्यावर फार विसंबू नका. हिपॅटायटिस बीच्या गोळ्या कोणत्याही गडबडीत बंद पडू देऊ नका, कारण पुढचा उपचार यकृत किती शाबूत आहे यावरच ठरणार आहे.

अशाच परिस्थितीतल्या इतर वाचकांसाठी दोन शब्द. ज्यांच्या घरी सुई घालून गाठ जाळण्याचा उपचार झाला आहे, त्यांना नंतरच्या अहवालात मूळ गाठीपेक्षा मोठा आकडा दिसेल, आणि तो दिसायलाच हवा, कारण कडेचा निरोगी भागही सुरक्षेसाठी जाळलेला असतो. सुरुवातीचा महिनाभर त्या भोवती एकसारखी बारीक उजळ कड दिसू शकते. ती बहुधा सूज असते, पण एकाच बाजूला जाड, गाठीसारखे काही उजळले तर डॉक्टर पुन्हा पाहतील. ज्यांनी किरणोपचार घेतले आहेत त्यांच्या गाठीत मात्र कित्येक महिने रक्त दिसत राहू शकते, म्हणून वर सांगितलेला ‘उजळले म्हणजे जिवंत’ हा नियम त्यांनी स्वतःला लावू नये.

आता राहिले आप्पा. त्यांच्यापासून लपवावे की नाही, यावर मी तुम्हाला उपदेश करणार नाही; प्रत्येक घराची रीत वेगळी असते. एक व्यावहारिक अडचण तेवढी सांगतो. ही तपासणी रुग्णाच्या मदतीशिवाय होत नाही. ऐन वेळी ‘श्वास धरा’, ‘आता हळू सोडा’, ‘डाव्या कुशीवर वळा’ असे सांगितले जाते, आणि ज्याला आपण काय पाहतो आहोत हे ठाऊक असते तो माणूस ते अधिक नीट करतो. सूज पाहायला एवढा खटाटोप कोणी करत नाही, हे चाळीस वर्षे बागेत रोग ओळखत आलेल्या माणसाला कळत नसेल असे मला वाटत नाही. तेव्हा निदान एवढे तरी त्यांना सांगा की यकृतात एक गाठ आहे, तिचे रक्त तोडले आहे, आणि ती वाळली का हे आता खरवडून पाहायचे आहे. हे वाक्य त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. कोणती गाठ, असे त्यांनी स्वतःहून विचारले, तर मात्र खोटे बोलू नका.

आणि डॉक्टरांची परवानगी मिळाली तर त्या दिवशी दोन्ही भावांना पडद्याशेजारी उभे करा. बुडबुडे आत शिरताना आपल्या डोळ्यांनी पाहता येतात, आणि जे घरात पंधरा दिवस भांडून सुटले नाही ते अर्ध्या मिनिटात समोर दिसते. फक्त त्यांना आधीच बजावून ठेवा, की औषध टोचल्यापासून एक मिनिट कोणीही तोंड उघडायचे नाही. डॉक्टर तेव्हा सेकंद मोजत असतात.